बाराची नोंद

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी चार ओळी, त्यातली एक पत्त्याबद्दल. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे उतरत जाणारं. आई म्हणायची, हिच्या ओळी घसरगुंडीवर बसतात.

तू विचारलं आहेस म्हणून आधी माझी खुशाली. मी बरा आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकत नाही. नेम चालू आहे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात, तिन्ही वेळा प्रार्थना, आणि शुक्रवारी उपास. इस्पितळात आता नवा बॉयलर आलाय. सगळं आपोआप चालतं, पाणी कमी झालं की स्वतःच पंप चालू करतो. आम्ही अटेंडंट म्हणजे आता खुर्चीला वजन. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीत मला मुख्य पंच नेमणार आहेत. पाळकसाहेब म्हणाले, शिस्त काय असते ते तुमच्याकडे बघून कळतं. मी नको नको म्हटलं, पण फार नाही.

आता तुझा प्रश्न. तुझ्या भिंगरीने बॉयलर फुटल्याच्या चौकशीचा अहवाल मागवून वाचला आणि तुला विचारलं की बाबा चुकले होते का. सोळा वर्षांची झाली म्हणतेस. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून नऊचीच आहे, समोरचा दात पडलेली. तिला सांग, अहवाल साहेबलोकांनी लिहिला, ते त्यातले जाणकार. भाऊजी लाँड्रीतून चांगल्या मनाने आत शिरले असतील, पण बॉयलरच्या चाव्या फिरवायचा अधिकार त्यांना नव्हता. मी त्या वेळी शेजारच्या चादरींच्या खोलीत होतो, त्यामुळे नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही. झालं गेलं देवाच्या हाती सोपवावं. पोरीला म्हणावं, बाबांसाठी प्रार्थना कर आणि अभ्यासाकडे लक्ष दे.

तुम्हा दोघींचं नाव मी रोज तिन्ही वेळा घेतो.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अकरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही, आणि येणारही नाही हे मला कळायला हवं होतं. ते पत्र मी टाकलं आणि पेटीवरून हात काढतानाच मला स्वतःचा राग आला. तू लिहिलं होतंस "खरं लिही" आणि मी तुला प्रवचन पाठवलं.

एक दुरुस्ती करतो. मी चादरींच्या खोलीत कामाला गेलो नव्हतो. प्रार्थनेला गेलो होतो. चौकशीत मी चादरी मोजत होतो असं सांगितलं होतं.

तुला माझे दारूचे दिवस माहीत आहेत, निदान त्यातले दोन-तीन. आईच्या प्रेताला खांदा द्यायला मी उभा राहू शकलो नाही, ते तू पाहिलंस. पुढे जुन्या पाळकसाहेबांनी मला धरलं. मला उपदेश केला नाही, फक्त घड्याळ दिलं आणि म्हणाले, चांगलं वागायचं नंतर बघू, आधी तीन वेळा गुडघ्यावर ये. मन लागलं नाही तरी ये. देव कृपेने सांभाळतो, पण तू घरी सापडायला हवास. म्हणून मी नेम धरला. ठकू, त्या नेमाने मला वाचवलं हे खोटं नाही. बारा वाजले की प्यायची तलफ यायची, आणि बारा वाजता मी गुडघ्यावर असायचो. नेम मोडला तर मी मोडेन अशी भीती होती, आणि ती भीती खरीच होती.

पण जुना बॉयलर आपोआप चालणारा नव्हता. पाण्याची एक उभी काच होती. तिच्यात पाणी अर्ध्यावर ठेवायचं, खाली गेलं की पंप हाताने चालू करायचा, वर आलं की बंद. दर पंधरा मिनिटांनी काच बघून वहीत लिहायचं. फार खाली गेलं तर शिट्टी वाजते, आणि मग वेळ थोडा उरतो. तिथून पंधरा मिनिटं उठायचं म्हणजे शिस्तीत बसत नाही. मग मी काय करायचो, तर जायच्या आधीच बाराच्या रकान्यात "अर्धी काच" लिहून ठेवायचो. परत आल्यावर बघायचो, तर काच खरंच अर्धी. रोज. पंप बंद असताना वाफ पाणी खाते, ते चार बोटं तरी उतरायला हवं, पण उतरत नसे.

मी ह्याची मंडळीत साक्ष दिली होती. तुला आठवत असेल, तू पुढच्या बाकावर होतीस, भाऊजी शेजारी. मी म्हणालो, तीन वर्षं झाली, मी प्रभूची वेळ पाळतो आणि प्रभू माझं पाणी पाळतो. लोकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर भाऊजी हसून म्हणाले, "बिशपसाहेब, देवाला पंप चालवायला लावलात की." ते मला बिशपसाहेब म्हणायचे तेव्हा मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

बारा वाजताची नोंद मी त्या शुक्रवारीही आधीच लिहिली होती. अहवाल त्या नोंदीवर उभा आहे. बाराला पाणी पुरेसं होतं, म्हणजे बॉयलर फुटला तो चाव्यांना हात लावल्यामुळे, असा त्यांचा हिशेब. तेवढं भिंगरीला सांग. बाकी मला खरंच माहीत नाही.

तुझा,
दादा

२४ फेब्रुवारी

ठकू,

तुझा लिफाफा काल आला. आत तुझं काही नाही, भिंगरीच्या वहीचा कागद आणि एकच वाक्य. "मामा, शिट्टी बाबांना लाँड्रीत ऐकू आली, मग तुला शेजारच्या खोलीत कशी नाही आली?"

पोरगी बापावर गेली आहे. तेही असे एकच वाक्य बोलायचे आणि पुढे कपड्यांच्या घड्या घालत राहायचे.

शिट्टी मला ऐकू आली.

आता सगळं लिहितो. मध्ये उठलो तर पुन्हा बसणार नाही, म्हणून दार लावून घेतलं आहे.

त्या शुक्रवारी मी साडेअकरालाच गेलो. पंधरा मिनिटं मला कमी वाटायला लागली होती. साक्ष दिल्यापासून लोक माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं आपण आणखी वर चढावं. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा पाऊण तास करायचं ठरवलं. पावणेबाराची नोंद लिहिली, बाराची लिहिली. दोन्हीकडे अर्धी काच. पंप बंद केला आणि चादरींच्या खोलीत जाऊन गुडघ्यावर आलो. तिथे धुतलेल्या कपड्यांचा गरम वास असायचा, कोणी यायचं नाही. डोळे मिटले की काही झालं तरी उघडायचे नाहीत हा माझाच नियम. अंगावर पाखरू बसलं तरी नाही. जुन्या पाळकसाहेबांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं.

बाराला दोन-तीन मिनिटं असताना शिट्टी झाली. आणि मी काय विचार केला ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी विचार केला की ही परीक्षा आहे. सैतान मला उठवायला बघतो आहे. माझं पाणी उतरणं शक्य नाही, तीन वर्षं उतरलं नाही. मी डोळे आणखी घट्ट मिटले. मला त्या वेळी अभिमान वाटला, ठकू. घाबरलो नाही म्हणून.

मग धावत येणारी पावलं. खोलीच्या दाराशी थांबली. भाऊजींचा आवाज, हळू, मुलाला उठवू नये म्हणून बोलतात तसा.

"तुमचं चालू द्या दादा, मी बघतो."

एवढंच. आणि पावलं बॉयलरकडे गेली. मी उठलो नाही. आवाज ऐकला, ओळखला, आणि मनात म्हटलं, चला, बघतायत ना. माझी अर्धी प्रार्थना बाकी होती.

पुढचं तुला माहीत आहे. भिंत माझ्या बाजूला पडली नाही.

आत पहिला मी शिरलो. अहवालात आहे की मृत इसमाने तापलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी सोडलं. तसं केलं तर फुटतो, हे खरं आहे, कोणीही नवखा तेच करेल. पण पाण्याची चावी बंद होती. मी पाहिली. पंपही बंद होता. बंद केलेली होती ती जळणाच्या तेलाची चावी, पूर्ण पिळून, आणि भाऊजी तिच्याजवळच पडले होते. त्यांनी आग बंद केली होती. जे करायला हवं तेच केलं होतं, मी असतो तर तेच करायला हवं होतं. फक्त उशीर झाला होता, आणि तो माझा उशीर होता. आग चालू राहिली असती तर शेजारी इस्त्री करणाऱ्या अकरा बायकाही गेल्या असत्या.

हे मी कोणाला सांगितलं नाही. साहेबांनी वही उघडली, बाराची नोंद वाचली, विचारलं, हे अक्षर तुमचं? मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच पुढचं सगळं रचलं आणि मी मूग गिळून बसलो. मला वाटत होतं कोणीतरी विचारेल की बाराला तुम्ही कुठे होतात. मी चादरी मोजत होतो म्हणालो आणि त्यांनी लिहून घेतलं. सगळ्या इस्पितळात खोटं न बोलणारा माणूस म्हणून मीच माहीत होतो.

आणि पुरण्याच्या वेळची ती प्रार्थना. तू उठून निघून गेलीस, भिंगरीला ओढत. सगळे म्हणाले दुःखाने भान गेलं. मी उघड्या कबरीपाशी उभा राहून, सगळ्या मंडळीदेखत म्हणालो होतो, प्रभू, तुझ्या ह्या लेकराच्या हातून घडलेल्या चुकीची क्षमा कर. ठकू, मी हे म्हणताना माझा आवाज कापला, आणि लोकांना वाटलं मी रडतो आहे.

भिंगरीला सांग. बाबा चुकले नाहीत. मामा चुकला, आणि मग सात वर्षं रोज तीन वेळा चुकला.

दादा

६ मार्च

ठकू,

पत्र टाकल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेलो. हे नवे, तरुण आहेत, मनाने भले. सगळं ऐकलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, देवाजवळ कबूल केलंत, देवाने क्षमा केली, आता चारचौघांत सांगून काय साधणार? मंडळीला धक्का बसेल. नेमणूक होऊन जाऊ द्या, मग सावकाश बघू. कृपा कशासाठी आहे, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, साहेब, तुम्हाला एक दाखवतो. आणि कोटाचा खिसा उलटा केला.

तुला हे माहीत नाही. पंच म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट मी फिरवतो. सगळ्यांना देऊन झालं की शेवटी पाळकसाहेब मला देतात. सात वर्षं मी ती तोंडाशी नेली आणि मुठीत धरून खिशात टाकली. घरी आल्यावर कुंपणापाशी पाखरांना घालायचो. सगळी निघत नाही, शिवणीत चुरा राहतो. तो त्यांच्या टेबलावर पडला. मी म्हणालो, हे बघा, मला कृपा नको आहे असं नाही, पण भाऊजींच्या नावावर चूक टाकून मला ती गिळता येत नाही. तोंडच उघडत नाही. उपास करून बघितले, गुडघे सोलून घेतले. वाटलं नेम कडक केला की कधीतरी बरोबरी होईल. ती होत नाही.

 पाळकसाहेब चुरा हाताने गोळा करत राहिले.

सोमवारी मी बॉयलर निरीक्षकांच्या कचेरीत गेलो आणि लेखी जबानी दिली. कारकुनाने सांगितलं की प्रकरण बंद झालं, आता उघडत नाही. मी म्हणालो, उघडू नका, पण कागद घ्या आणि शिक्का मारा. त्याने तीनदा विचारलं की तुम्हाला कोणी धमकावलं आहे का. शेवटी मारला. शिक्क्याची एक प्रत ह्याच्यासोबत आहे. ती भिंगरीची. त्यात तेलाच्या चावीचं सगळं आहे, सही माझी आहे. तिसऱ्या दिवशी इस्पितळाने मला घरी बसवलं. प्रकरण उघडेल असं आता तिथले लोक म्हणतात. उघडलं तर शिक्षा होईल, आणि ती व्हावी.

रविवारी मंडळीत उभा राहिलो. नेमणुकीचाच दिवस होता, बाकं भरलेली होती. मी जबानी होती तशी वाचली, साक्षीसारखी सजवली नाही.  इस्त्रीवाल्या अकराजणींपैकी चौघी अजून आपल्या मंडळीत आहेत. त्यांतली सगळ्यांत थोरली उठली, माझ्यासमोर आली, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेली. मागोमाग बाकीच्या तिघी. मी ताट दुसऱ्याच्या हातात दिलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. भाकर माझ्यापर्यंत आली नाही. मी हात पुढे केला नव्हता.

आता दिवसभर घरी असतो. एक सांगायचं राहिलं. बाराची प्रार्थना मी बंद केली आहे. सकाळची आणि संध्याकाळची कशीबशी होते. पण बारा वाजले की मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो, येणारी-जाणारी माणसं बघतो. त्या वेळेवर माझा हक्क नाही. तलफ येते. अजून प्यालो नाही, पण पुढचं वचन देत नाही. वचनं देऊन झाली.

तू लिहावंस असं म्हणणार नाही.

दादा

१७ मार्च

दादा,

कागद मिळाला. भिंगरीने दोनदा वाचला आणि बापाच्या फोटोमागे ठेवला. मग जेवली. किती दिवसांनी पोटभर जेवली.

तीन वर्षं पाणी का उतरलं नाही ते तुला माहीत नव्हतं, असं तुझ्या पत्रांतून दिसतं. मला हे पत्र वाचेपर्यंत खरं वाटत नव्हतं की तुला माहीत नसेल. ऐक.

हे रोज बाराला बॉयलरकडे यायचे. तीन वर्षं. लाँड्रीत जेवणाची सुट्टी बाराला व्हायची, हे डबा तसाच ठेवून तुझ्या काचेसमोर उभे राहायचे, पाणी उतरलं की पंप चालवायचे, अर्ध्यावर आणून बंद करायचे, आणि तू उठायच्या आत परत जायचे. लग्नाआधी हे दुसरीकडे बॉयलरवरच होते, विसरलास? मी विचारलं, दादाला सांगत का नाही? तर म्हणाले, सांगितलं तर प्रार्थना सोडेल, आणि सोडली तर पुन्हा पिईल. त्याला देवाशी बोलू दे, पाण्याचं मी बघतो. तू साक्ष दिलीस तेव्हा बाकावर माझा हात दाबून हसले. घरी येऊन म्हणाले, चुकीचं काय बोलला? देवानेच तर पाठवलं मला.

त्या शुक्रवारीही हे बाराच्या हिशेबानेच निघणार होते. तू साडेअकराला गेलास हे ह्यांना कुठून कळणार. शिट्टी ऐकून डबा तसाच टाकून धावले. डबा मला नंतर मिळाला.

मला वाटायचं तुला हे ठाऊक आहे. सात वर्षं मला वाटलं की ज्याने तुझी वेळ राखली त्यालाच तू कबरीपाशी चुकीचा ठरवलंस, जाणूनबुजून. म्हणून तुझं तोंड बघितलं नाही. आता कळलं की तुला माहीत नव्हतं. तेवढं कमी झालं. बाकीचं कमी झालेलं नाही. क्षमा केली असं मी लिहिणार नाही. येत नाही मला. देवाकडे मागते आहे, मिळाली तर कळवीन.

पण एक गोष्ट. बाराची प्रार्थना बंद केलीस असं लिहिलंस. ते चालणार नाही. त्या पंधरा मिनिटांवर तुझा हक्क नाही हे बरोबर आहे. कधीच नव्हता. ती ह्यांनी तुला दिलेली होती, आणि ह्यांनी दिलेलं तू रस्त्यावर टाकायचं नाहीस. माझा माणूस तेवढ्यासाठी गेला. रोज बाराला बस. पिऊ नकोस.

ठकू

२० मार्च, दुपार

ठकू,

पत्र पावणेबाराला आलं. उभ्यानेच वाचलं, मग दोन वेळा बसून वाचलं. तोवर बारा झाले.

बसलो. शब्द एकही आला नाही. पंधरा मिनिटं नुसता होतो. तीन वर्षांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दिवस मनात मोजत होतो आणि त्यांतला प्रत्येक दिवस माझा नव्हता. आता सव्वाबारा झालेत, आणि मी इतका रडलो आहे की चष्मा बाजूला ठेवून लिहितो आहे, अक्षर तुझ्यासारखं घसरतंय.

उद्याही बसेन. भिंगरीला सांग, मामा बाराला बसतो, आणि डोळे उघडे ठेवतो.

दादा